चाळ रिकामी होण्यापूर्वी तिच्या गॅलरीत चित्रे लावायची आहेत: घरची गोष्ट कोणाला विचारून सांगावी?

प्रश्न: परळची चित्रकर्ती

सर्वांना नमस्कार.

आमचे बिऱ्हाड परळच्या एका चाळीत तीन पिढ्यांपासून आहे. आजोबा मालवण तालुक्यातून मुंबईला आले, ते प्रथम गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या गाळ्यात वीस-पंचवीस पुरुषांबरोबर राहिले. काही वर्षे बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारावर उभे राहून मिळेल त्या पाळीला ते आत गेले आणि पुढे साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कायम झाले. लग्नानंतर दहा बाय बाराची खोली मिळाली आणि त्याच खोलीत आजीने खानावळ सुरू केली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यानंतर आजोबा पुन्हा कधीही साच्यावर उभे राहिले नाहीत. खानावळ मात्र त्यानंतरही काही वर्षे चालू होती आणि त्या काळात घर तिच्यावरच तगले.

आता चाळ पुनर्विकासात जात आहे आणि पुढील वर्षी आम्हाला संक्रमण शिबिरात जावे लागेल. मी चित्रकलेचे शिक्षण घेतले आहे. याच चाळीत वाढलेला एक मित्र छायाचित्रे काढतो आणि एक मैत्रीण मातीत काम करते. सामान हलवण्यापूर्वी तिसऱ्या मजल्याच्या लांब गॅलरीत, खोल्यांच्या दारांमधल्या भिंतींवर आम्हा तिघांचे काम आठ दिवस मांडावे, असे आम्ही ठरवले आहे.

माझ्याजवळ चार वस्तू आहेत: आजोबांचा तिकीट क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला, टोकाची पत्री झिजलेला, मागावर आडवा धागा नेणारा एक लाकडी धोटा, गिरणीच्या कापडाच्या तुकड्यांची आजीने शिवलेली वाकळ आणि खानावळीची वही. अडचण वहीची आहे. तिच्यात खानावळीत जेवणाऱ्या प्रत्येक गड्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्याकडे किती पैसे थकले आहेत, हे आजीच्या अक्षरात लिहिलेले आहे. संपाच्या काळातील पानांवर रकमा वाढत जातात आणि पुढे कित्येक नावांपुढे काहीच लिहिलेले नाही, कारण ती माणसे गावी निघून गेली. त्यांपैकी काहींची मुले आजही आमच्या मजल्यावर राहतात. माझी आत्या म्हणते की, घरातल्या गोष्टी भिंतीवर टांगायच्या नसतात. आजोबांची शेवटची वर्षे चांगली गेली नाहीत, त्याविषयी तर तिला एक शब्दही नको आहे.

आपले घराणे, आपली वस्ती आणि आपली जागा यांवर काम करणाऱ्या इतर कलावंतांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याचबरोबर, असे काम प्रथम कोणाला दाखवायचे असते, बाहेरच्यांना की आपल्याच माणसांना, याविषयीही आपले मत हवे आहे.

उत्तर: वर्धाकाठ

मी राजुऱ्याकडचा आहे, म्हणून आमच्या भागातील एका चित्रकाराविषयी लिहितो. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या गावी झाला. या गावाच्या जमिनीखाली कोळसा आहे आणि त्यांच्या घरातील तीन पिढ्यांचा खाणकामाशी संबंध आला. जिथे एकेकाळी शेते होती तिथे आज खुल्या खाणीचे पायऱ्यापायऱ्यांचे खड्डे आणि उपसलेल्या मातीच्या टेकड्या आहेत. बाहेरून येणाऱ्याला त्या टेकड्या नैसर्गिक वाटतात. आम्हाला मात्र कोणत्या टेकडीखाली कोणाचे शेत होते, हे ठाऊक असते.

पाचपुते बडोद्याला शिल्पकला शिकले, परंतु त्यांची ओळख झाली ती कोळशाने थेट भिंतीवर काढलेल्या विशाल चित्रांमुळे. चित्रकलेतील कोळसा लाकडाचा असतो, दगडी नव्हे, हे मी जाणतो. तरीही ज्या काळ्या पदार्थाने घर चालवले आणि ज्याच्यासाठी शेती गेली, त्याचाच रंग हातात घेऊन गावाची गोष्ट सांगावी, हा निर्णय मला फार खोलवरचा वाटतो. मुंबईत २०१२ मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले आणि पुढे त्यांचे काम कोची आणि व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांतही मांडले गेले. भिंतीवर काढलेले असे चित्र प्रदर्शन संपल्यावर पुसले जाते. तुमची चाळ तर भिंतींसह जाणार आहे, त्यामुळे काही चित्रे सुटी न काढता थेट भिंतीवरच काढण्याचा विचार तुम्ही अवश्य करावा.

तुमच्या वहीच्या प्रश्नाशी त्यांच्या कामाचा संबंध असा आहे. त्यांच्या चित्रांतील माणसाला पुष्कळदा डोके नसते आणि डोक्याच्या जागी दिवा, यंत्र, अवजार किंवा जमिनीचा एखादा तुकडा असतो. त्यामुळे हा अमुक घरचा अमुक मनुष्य, असे कोणी बोट दाखवू शकत नाही, पण खाणीत काम केलेला प्रत्येक जण त्या आकृतीत स्वतःला ओळखतो. तुम्हीही वहीतील नावे झाकून केवळ आजीचे अक्षर, रकान्यांच्या रेघा आणि शेवटी मोकळी राहिलेली जागा एवढेच मोठे करून दाखवू शकाल. थकबाकी हा कोणाच्याही घरी नाजूक विषय असतो आणि ज्याचे वडील पैसे न देता गावी गेले, त्याच्या मुलाला स्वतःच्या दाराबाहेर ते नाव वाचायला लागू नये, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे ‘आर्टेस मुंडी’ या पुरस्काराच्या प्रदर्शनासाठी त्यांनी काम केले, तेव्हा तिथल्या खाणकामगारांचे जुने बॅनर त्यांनी अभ्यासले आणि आपल्याकडील शेतकरी व खाणकामगार यांची चित्रे त्या बॅनरांच्या धाटणीने कापडावर मांडली. त्या वर्षी पुरस्कार निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आला. गावाविषयीचे काम गावापुरतेच राहते, ही भीती तुम्ही बाळगू नका. एका खाणीच्या गावाला दुसऱ्या खाणीचे गाव कळते, तसे तुमच्या गिरणीचे दुःख दुसऱ्या एखाद्या कापडगावाला कळेल.

उत्तर: कर्लीकाठ

ताई, तुमचे आजोबा मालवणचे, म्हणून शेजारच्या कुडाळहून लिहिते. आमच्या तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यात सापडते.

चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंग एकेका कागदावर रंगवलेला असतो आणि दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. सांगणारा जमिनीवर बसतो, चित्र फळीला टेकवून उभे करतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटे तालवाद्य असते, आणि गात-बोलत प्रसंग पूर्ण झाला की तो पुढचे चित्र पुढे करतो. म्हणजे चित्र एकटे कधीच नसते. सांगणारा माणूस त्याच्याशेजारी बसलेला असतो आणि ऐकणारी मंडळी हाताच्या अंतरावर असतात. तुमच्या गॅलरीत हेच करता येईल. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तुम्ही चित्रापाशी बसावे, एक चित्र आणि त्यामागची गोष्ट सांगावी, आणि मजल्यावरच्या लोकांनी मध्येच तुम्हाला थांबवून दुरुस्ती सुचवावी. दुरुस्ती सुचवतील यात शंका नाही, कारण आपल्या गावच्या माणसाला दुसऱ्याने सांगितलेली आपली गोष्ट जशीच्या तशी कधी पटत नाही.

सावंतवाडीच्या भोसले संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता आणि ठरावीक देवळांत ही कला सादर करण्याचा मान या मंडळींकडे असे. पुढे आश्रय आटला, करमणुकीची साधने बदलली आणि बहुतेक घरांतून पोथ्या बाहेर गेल्या. परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या हे सारे धरून ठेवले आणि २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांची मुलेही हेच काम पुढे नेत आहेत. त्या संग्रहालयात मी अनेकदा गेले आहे. जी वस्तू ज्या घरातली, ती त्याच अंगणात पाहताना तिच्याविषयी प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही, कारण उत्तर देणारा तिथेच उभा असतो.

एका गोष्टीची मला आजही खंत वाटते आणि तुमच्या वहीच्या संदर्भात ती सांगितलीच पाहिजे. या शैलीची जुनी चित्रे संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत पोहोचली, तेव्हा ती पुष्कळ काळ ‘पैठण चित्रे’ म्हणून ओळखली गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रे आहेत. पिंगुळीशी असलेले त्यांचे नाते अभ्यासकांनी नंतर जोडून दाखवले. चित्रे जपली गेली, याबद्दल कृतज्ञता आहेच, परंतु ती कोणत्या गावच्या कोणत्या घरातून निघाली, रंगवणारा कोण आणि गाणारा कोण, हे सोबत लिहिले गेले नाही आणि ती माहिती पुन्हा मिळणे आता कठीण आहे. म्हणून वर्धाकाठ यांच्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. भिंतीवर नावे झाकायची असतील तर झाका, परंतु प्रत्येक वस्तूमागे ती कोणाची, कोणत्या खोलीतली, कोणी दिली आणि कोणत्या तारखेला दिली, हे पेन्सिलने कागदाच्या मागे लिहून ठेवा.

उत्तर: डहाणूचा शिक्षक

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी गेली अनेक वर्षे डहाणू तालुक्यात शिकवतो आणि माझे बहुतेक विद्यार्थी वारली समाजाचे आहेत. मला तुमच्या आत्याविषयी बोलायचे आहे.

वारली चित्रे आज कपांवर, साड्यांवर आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतात, पण त्यांचे मूळ लग्नाच्या चौकात, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरील चौकोनी चित्रात आहे. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात (आमच्याकडे ‘लिहितात’ असेच म्हणतात), त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी स्त्री, गाणी म्हणून लग्न लावते. लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या दोघीही स्त्रियाच असतात. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग आणले, तेव्हा परिस्थिती बदलू लागली. गंजाडजवळचे जिव्या सोमा म्हसे रोजच चित्रे काढू लागले आणि लग्नाच्या चौकटीबाहेरचे सारे जग, म्हणजे मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारपा या वाद्याभोवतीचा नाचाचा फेर, त्यांच्या चित्रांत आले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. त्यांच्या एका चित्रातील जाळ्याचा एकेक धागा मी वर्गात मुलांना तासभर दाखवत असतो. परंतु कागद आल्यानंतर चित्रकार म्हणून जी नावे बाहेर गेली, त्यांत पुरुषांचीच नावे अधिक होती आणि चौक लिहिणाऱ्या आया-आज्यांची नावे मागे राहिली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने समाजाचा हक्क कागदावर आला. घराघरातील त्या बायकांची नावे मात्र त्याने मिळत नाहीत.

तुमच्या प्रश्नात आजोबा गिरणीचे, धोटा आजोबांचा, बिल्ला आजोबांचा आणि संपही आजोबांचा आहे. ज्या खानावळीवर घर तगले ती आजीची, वाकळ आजीची, आणि वहीतले अक्षरही आजीचे आहे. त्या खानावळीत भाकऱ्या थापायला, ताटे घासायला लहानपणी कोण बसत असे? बहुधा तुमची आत्याच. मग ती परवानगी देणारी किंवा नाकारणारी तिऱ्हाईत व्यक्ती राहत नाही, ती या कामाची अर्धी धनीण आहे. तिच्याकडे होकार मागायला जाऊ नका. वाकळ घेऊन जा, आणि कोणता तुकडा कोणत्या कपड्याचा आहे, एवढेच विचारा. ती सांगेल ते लिहून घ्या आणि तिची तयारी असेल तर तिच्याच हाताने वाकळीचा फाटलेला कोपरा दुरुस्त करून घ्या. आजोबांच्या शेवटच्या वर्षांविषयी तिने मौन पाळले, तर ते मौन तिचे आहे. त्या वर्षांवाचूनही तुमच्याकडे चित्रांसाठी पुष्कळ ऐवज आहे.

उत्तर: चाळकरी, वय ७१

मी परळचा नाही, नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. माझे वडील गिरणीत कांडीखात्यात, म्हणजे सूत कांड्यांवर गुंडाळण्याच्या विभागात होते. मुलांनो, तुम्ही हे करत आहात हे वाचून मला फार बरे वाटले.

नावांविषयी माझे मत वेगळे आहे. संपाचा विषय निघाला की, अडीच लाख कामगार, असा आकडा सांगितला जातो आणि माणूस त्या आकड्यात नाहीसा होतो. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात त्या काळात उधारी होती. ती लाज वाटण्याची गोष्ट नव्हती, कारण वाण्यापासून खानावळीपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घेतले होते. तुमच्या आजीने रकमेपुढे रेघ न मारता जागा मोकळी सोडली, यात तिचा मोठेपणा आहे आणि त्या माणसांच्या मुलांना तो कळला पाहिजे. म्हणून जी कुटुंबे अजून चाळीत आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन जा, त्यांच्या वडिलांचे पान दाखवा, आणि नाव लावायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. जे गावी गेले आणि ज्यांचा पत्ता नाही, त्यांची रक्कम झाका आणि नाव व गाव तेवढे राहू द्या. कदाचित ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत कोणी ते ओळखेल.

आमच्याच बीडीडी चाळींवर काम करणाऱ्या एका कलावंताचे नाव येथे सांगतो. अमोल पाटील यांचे आजोबा पोवाडे गात आणि वडील नाटके लिहीत. तो वारसा आणि चाळीतले जगणे यांतून त्यांनी उभे केलेले काम २०२२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे ‘डॉक्युमेंटा’ या समकालीन कलेच्या प्रदर्शनात मांडले गेले. सुधीर पटवर्धन यांचीही चित्रे शक्य झाल्यास पाहा. त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत करीत या शहरातला कष्टकरी माणूस आयुष्यभर रंगवला, आणि त्यांचे २००१ मधील ‘लोअर परळ’ हे चित्र तुमच्या अगदी घराजवळचे आहे. समकालीन चित्रे महाराष्ट्रातील गावोगावच्या प्रेक्षकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी स्वतः फिरत्या प्रदर्शनाचा खटाटोप केला, हेही मला महत्त्वाचे वाटते. प्रथम कोणाला दाखवायचे, या तुमच्या प्रश्नावर माझे उत्तर असे की, पहिले दोन दिवस केवळ चाळकऱ्यांसाठी ठेवा आणि बाहेरच्यांना तिसऱ्या दिवशी बोलवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: परळची चित्रकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. थोडे उशिरा लिहीत आहे, कारण डहाणूच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे मी मागच्या रविवारी वाकळ घेऊन आत्याकडे गेले होते.

तिने चोवीस तुकड्यांपैकी एकोणीस ओळखले. एक तिच्या शाळेच्या झग्याचा, दोन आजोबांच्या लेंग्याचे, एक पडद्याचा, आणि मधला निळा चौकोन खानावळीत जेवणाऱ्या एका गड्याच्या सदऱ्याचा निघाला. गावी जाताना पैसे देता येत नाहीत म्हणून त्याने आपला कोरा सदरा आजीच्या हातावर ठेवला होता आणि आजीने तो कित्येक महिने तसाच घडी करून ठेवला होता, म्हणे. त्या माणसाचे नाव वहीत आहे आणि नावापुढे आकडा आहे. ही गोष्ट मी तीस वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. आत्या स्वतःच म्हणाली की, हे पान आणि हा निळा तुकडा शेजारी शेजारी लाव. आजोबांविषयी मी काही विचारले नाही आणि तिनेही तो विषय काढला नाही.

वहीची पाने घेऊन मजल्यावरच्या चार घरी जाऊन आले. तिघांनी नावे लावायला होकार दिला, एकाने रक्कम झाकायला सांगितले, तसे करीन. निळ्या सदऱ्याच्या माणसाचे गाव मालवण तालुक्यातलेच असल्याने ग्रामस्थ मंडळात चौकशी सुरू केली आहे. धोट्याचे चित्र मी थेट भिंतीवर कोळशाने काढणार आहे. पहिले दोन दिवस चाळकऱ्यांसाठी ठेवले आहेत आणि त्या दोन्ही संध्याकाळी मी चित्रांपाशी बसून बोलणार आहे. वीणा आमच्याकडे नाही, पण चाळीच्या भजनी मंडळाचे टाळ आहेत.

उत्तर: कर्लीकाठ

ताई, एक व्यवहाराची सूचना. चाळीच्या गॅलरीला बाहेरून पाऊस लागतो आणि जुन्या भिंतींना ओल असते, म्हणून वहीची मूळ पाने भिंतीवर लावू नका. त्यांच्या छायाप्रती लावा आणि वही आत्याजवळ ठेवा. त्या सदऱ्याच्या माणसाचे गाव आणि वाडी मला निरोपातून कळवा. माझे माहेर त्याच बाजूला आहे, तेव्हा येत्या जत्रेला गेले की विचारून पाहते.